शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहावयाचे झाले, म्हणजे गृहिणी सगळे पातेले उपसून पाहत नाही. ती पळीवर दोन शिते घेते आणि बोटांनी दाबून पाहते. शीत मऊ लागले, तर पातेले खाली उतरवते. कच्चे लागले, तर आणखी थोडा वेळ चुलीवर ठेवते. परंतु शीत कच्चे निघाले म्हणून सगळा भात फेकून देणारी गृहिणी कोठेही आढळणार नाही.

शाळेतील परीक्षा हीही शितावरून केलेली भाताचीच परीक्षा होय. वर्षभर शिकलेल्या शेकडो गोष्टींपैकी दहावीस गोष्टी विचारावयाच्या आणि त्यांवरून बाकीच्यांचा अंदाज करावयाचा, अशी तिची रीत आहे. सर्व मुलांना सारखेच प्रश्न, सारखाच वेळ आणि गुण देण्याची सारखीच पद्धत ठेवून जी परीक्षा घेतात, तिला प्रमाणित कसोटी म्हणतात. अशा कसोटीचा उपयोग कोणता आणि तिच्यात धोका कोणता, हे आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या कार्यावरून चांगले समजते.

बिनेचा जन्म १८५७ साली फ्रान्समधील नीस या शहरी झाला. त्याने प्रथम कायद्याचा अभ्यास केला. पण त्याचे मन रमले ते मानसशास्त्रात. त्याला मादलेन आणि आलिस नावाच्या दोन मुली होत्या. त्यांचे खेळणे, बोलणे, विचार करणे तो बारकाईने न्याहाळीत असे. चालावयास शिकताना मादलेन आधार धरून जपून पाऊल टाकी, तर आलिस बेधडक खोलीच्या मध्यावर धाव घेई. एकाच घरात वाढलेल्या दोन मुलींची मने इतकी निराळी असू शकतात, ही गोष्ट बिनेच्या मनावर कायमची ठसली.

फ्रान्समध्ये १८८२ साली सहा ते तेरा वर्षे वयाच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे झाले. शाळा मुलांनी भरून गेल्या. काही मुलांना इतरांच्या बरोबरीने शिकणे जमेना. त्यांच्यासाठी निराळे वर्ग असावेत, असा विचार पुढे आला. परंतु या वर्गांत कोणाला पाठवावयाचे, हे ठरवावयाचे कसे? शिक्षकाच्या मतावर विसंबावे, तर वर्गात दंगा करणारे हुशार मूलही मंद ठरण्याचा संभव होता. दुखण्यामुळे, कमी ऐकू येत असल्यामुळे किंवा घरच्या हालअपेष्टांमुळे मागे पडलेल्या मुलावर निष्कारण शिक्का बसला असता. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने १९०४ साली एक मंडळ नेमले. बिने त्याचा सभासद होता. कोणाच्या मर्जीवर मुलाचे भवितव्य अवलंबून राहू नये, अशी त्याची तळमळ होती.

१९०५ साली बिने आणि त्याचा सहकारी डॉक्टर तेओदोर सिमाँ यांनी सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणाऱ्या तीस प्रश्नांची एक मालिका तयार केली. चित्रातील वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले तीन अंक पुन्हा म्हणणे, दोन वजनांपैकी जड कोणते ते ओळखणे, माशी आणि फुलपाखरू यांतील फरक सांगणे, असे ते प्रश्न होते. त्यांत पाठांतराचे काम नव्हते. १९०८ साली त्यांनी वयाच्या क्रमाने प्रश्नांची नवी मांडणी केली. त्या त्या वयाच्या बहुतेक मुलांना जे प्रश्न सुटत, ते त्या वयाचे मानले गेले. मूल श्रीमंताचे असो की मजुराचे, प्रश्न तेच आणि उत्तर तपासण्याची रीतही तीच. पक्षपाताला आळा घालणे, हा प्रमाणित कसोटीचा मोठाच गुण होय.

परंतु आपल्या मोजपट्टीची मर्यादा बिने स्वतः पुरती ओळखून होता. भ्यालेले किंवा थकलेले मूल नीट उत्तरे देत नाही. म्हणून परीक्षकाने त्याच्याशी ममतेने वागावे, असे त्याचे सांगणे होते. कसोटीवरून मुलाला आज काय येते एवढेच समजते. ते का येत नाही किंवा उद्या काय येईल, हे समजत नाही. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधीही न वाढणारी वस्तू आहे, असे मानणाऱ्यांना त्याने कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांचे लक्ष स्थिर व्हावे म्हणून वर्गात पुतळ्याचा खेळ घेत. खूण होताच सर्वांनी आहे तसे निश्चल उभे राहावयाचे! अशा अभ्यासाने मुले सुधारतात, हे त्याने पाहिले होते. कच्चे शीत पाहून जाळ वाढवावा, यासाठीच त्याची परीक्षा होती.

१९११ साली बिनेचा मृत्यू झाला आणि त्याची मोजपट्टी दूरदूरच्या देशांत गेली. अमेरिकेत १९१६ साली लुईस टर्मन याने तिची नवी आवृत्ती काढली. आता मुलाची बुद्धी एकाच आकड्यात सांगण्याची प्रथा पडली. पुढच्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिपरीक्षा घेण्यात आली. ‘क्रिस्को’ म्हणजे काय, असा त्यांतील एक प्रश्न होता. क्रिस्को हे आपल्याकडील डालड्यासारखे, अमेरिकेतील दुकानांत मिळणारे स्वयंपाकाचे तूप. ज्यांना इंग्रजी वाचता येत नसे, त्यांना अपुरी चित्रे पुरी करावयास देत. एका चित्रात टेनिसच्या मैदानावरील जाळे गाळलेले होते. इटलीतील खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याने टेनिस कोठे पाहिले असणार? जो परदेशी मनुष्य अमेरिकेत अधिक वर्षे राहिला होता, त्याला अधिक गुण मिळत. यावरून ती परीक्षा बुद्धीची नसून ओळखीची होती, हे ध्यानात यावयास हवे होते. पण कार्ल ब्रिगॅम या विद्वानाने १९२३ साली पुस्तक लिहून, दक्षिण व पूर्व युरोपातील लोक बुद्धीने कमी असतात, असा निष्कर्ष काढला. परदेशी लोकांना देशात घेण्यास विरोध करणाऱ्यांना आयताच आधार मिळाला. १९२४ साली त्या देशांतून येणाऱ्यांची संख्या कायद्याने अगदी थोडी करण्यात आली. आपला निष्कर्ष निराधार होता, अशी कबुली ब्रिगॅमने १९३० साली प्रांजळपणे दिली; परंतु देशवार संख्या ठरविण्याची ती पद्धत १९६५ सालापर्यंत टिकली.

इंग्लंडमध्येही १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची परीक्षा घेऊन त्यांच्या वाटा निराळ्या करीत. जे उत्तीर्ण होत, त्यांना विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळा मिळत. उरलेल्यांना दुसऱ्या शाळांत जावे लागे. त्या दिवशी ज्याला ताप आला असेल, त्याचे काय? ज्याची बुद्धी उशिरा उमलणार असेल, त्याचे काय? या अन्यायाविरुद्ध ओरड झाली. १९६५ साली सरकारने ही निवड बंद करण्याची सूचना केली आणि पुढे बहुतेक भागांतून ती गेली. काही थोड्या भागांत मात्र ती अजूनही चालू आहे.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीला मराठी आणि कानडी मुलांसाठी नवे रूप दिले. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या मुलासाठी केलेले माप धारवाडच्या मुलाला जसेच्या तसे लावावयाचे नाही, हे त्यांनी जाणले होते. मापाने माणसाशी जुळवून घ्यावे, हीच खरी रीत.

तेव्हा परीक्षा नकोच, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. ती नसेल, तर कोणाला कोठे मदत हवी हे कळणार नाही आणि वशिल्याला रान मोकळे मिळेल. परंतु गुणपत्रिकेवरील आकडा म्हणजे अख्खा मुलगा किंवा अख्खी मुलगी नव्हे. चिकाटी, सचोटी, दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणारे मन यांसाठी त्या पत्रिकेत रकाना नसतो. शीत कच्चे लागले, तर दोष केवळ तांदळाचा नसतो. कधी पाणी कमी पडलेले असते, कधी जाळ. शहाणी गृहिणी लाकूड पुढे सारते आणि पातेल्यावर पुन्हा झाकण ठेवते.

अभ्यास

१. प्रमाणित कसोटी म्हणजे काय? तिचा मोठा गुण कोणता?
२. केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबणे बिनेला योग्य का वाटले नाही?
३. अमेरिकेतील सैनिकांची परीक्षा ‘बुद्धीची नसून ओळखीची होती’ असे का म्हटले आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : आळा घालणे, शिक्का बसणे, रान मोकळे मिळणे.
५. तुमच्या वर्गमित्राचा असा एक गुण सांगा की, जो गुणपत्रिकेत दिसत नाही.