संगणक-परिचय : क्लाऊडपर्यंतची राखीव वाट



मागच्या सुट्टीत मोहगावला आलो होतो तेव्हा शेजारच्या काकांनी विचारले, "तू नागपूरला नेमकं करतोस काय?" मी सांगितले, "कंपन्यांचे संगणक क्लाऊडला जोडून देतो." काकांनी एकदा आभाळाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि विषय संत्र्यांवर नेला. त्यांना जे नीट सांगता आले नाही, ते या पानावर सांगून पाहतो.

क्लाऊड आभाळात नसतो. ती जमिनीवरची मोठी इमारत असते आणि तिच्यात हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. आपल्या भागातल्या मोठ्या कंपन्यांना त्यातल्या सर्वांत सोयीच्या इमारती मुंबई आणि पुण्याकडच्या. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे केंद्रे सुरू केली. अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईत आले. गंमत अशी की मायक्रोसॉफ्टच्या यादीत पुण्याच्या केंद्राचे नाव 'सेंट्रल इंडिया', म्हणजे मध्य भारत! १९५६ पर्यंत ज्यांची राजधानी नागपूर होती आणि नंतर नागपूर मुंबई राज्यात गेल्यावर जे मध्य प्रदेशातच राहिले, त्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसू येणारच. असो.

आता मूळ प्रश्न. नागपूरच्या ऑफिसातून मुंबईच्या त्या इमारतीपर्यंत माहिती जाते कशी? साधा मार्ग इंटरनेटचा. तो सर्वांचा रस्ता आहे. माहितीचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा त्या वेळी ठरेल त्या वाटेने जातो. वाट कोणती, गर्दी किती, हे आपल्या हातात नसते. चित्रपट पाहताना हे चालते. पण बँकेचा हिशेब किंवा कारखान्याचे काम मिनिटामिनिटाला त्या वाटेवर अवलंबून असेल तर चालत नाही. अशा वेळी टेलिफोन कंपनीकडून क्लाऊडपर्यंत राखीव जोडणी घेतात. अ‍ॅमेझॉन तिला डायरेक्ट कनेक्ट म्हणते, मायक्रोसॉफ्ट एक्सप्रेसरूट, तर ओरॅकल फास्टकनेक्ट. या जोडणीवर जी आखलेली वाट मिळते तिला ओरॅकल सरळ 'व्हर्च्युअल सर्किट' म्हणते. मला हे नाव सर्वांत योग्य वाटते.

सर्किट म्हणजे काय ते आजोबांना विचारा. पूर्वी ट्रंक कॉल लावला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर आपली तार समोरच्याच्या तारेला जोडून देई आणि बोलणे संपेपर्यंत ती तार फक्त आपली असे. व्हर्च्युअल सर्किटमध्ये तार अनेकांची एकच असते, पण प्रत्येकाला ती आपलीच असल्यासारखी वापरता येते. ही कल्पना जुनी आहे. एक्स.२५ नावाचे तिचे जागतिक मानक १९७६ चे.

एका तारेत अनेक जण कसे मावतात? आपल्याकडून संत्र्याची गाडी कळमन्याला जाते तेव्हा एकाच गाडीत तीन शेतकऱ्यांचा माल असतो. प्रत्येकाच्या क्रेटवर त्याची खूण असते, त्यामुळे आडत्या माल उतरवताना गोंधळत नाही. इथे गाडी म्हणजे काचेची तार, आणि खूण म्हणजे व्हीलॅन क्रमांक. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर हा क्रमांक लागतो. त्यासाठी १२ बिट राखलेले आहेत, म्हणून ४०९६ क्रमांक होतात. त्यातला पहिला व शेवटचा राखीव, उरले १ ते ४०९४. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेला हवा. इकडे ११० आणि तिकडे १०१ लिहिले गेले तर तार उत्तम, दिवे हिरवे, आणि माहिती मात्र एक अक्षर पलीकडे जात नाही. या एका चुकीपायी मी एकदा अख्खी रात्र घालवली आहे.

क्रमांक जुळला की दोन्ही टोकांच्या राऊटरना पत्ते द्यायचे. चार पत्त्यांचा छोटा गट घेतात. पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, मधले दोन उरतात. एक्सप्रेसरूटमध्ये त्यातला पहिला आपला, दुसरा मायक्रोसॉफ्टचा.

पुढची पायरी बीजीपीची. हा दोन राऊटरमधला बोलण्याचा नियम आहे. एक म्हणतो, "अमुक अमुक पत्ते माझ्याकडून गाठता येतील." दुसरा आपले पत्ते सांगतो. बोलण्याआधी ओळख लागते, म्हणून प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो. मायक्रोसॉफ्टचा १२०७६. स्वतःचा नोंदवलेला क्रमांक नसेल तर खाजगी वापरासाठी ठेवलेल्या ६४५१२ ते ६५५३४ यांतला एक घेता येतो. इथे पत्त्यांची यादी आटोपशीर ठेवावी लागते. अ‍ॅमेझॉनच्या खाजगी जोडणीवर १०० पेक्षा जास्त पत्ते-गट सांगितले तर बीजीपीचे बोलणेच बंद पडते. म्हणून घराघराचे नाव न सांगता गावाचे नाव सांगायचे.

सर्वांत जास्त डोकेदुखी मात्र पत्ते एकसारखे असण्याची. आपल्या संगणक कक्षातल्या यंत्रांचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. जगातल्या लाखो ऑफिसांतही तेच, कारण ते खाजगी वापरासाठी सर्वांना मोकळे आहेत. एकाच गावात दोन घरांना एकच घरक्रमांक असला तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचे? ऑफिसने आणि क्लाऊडने तेच पत्ते घेतले असतील तर राऊटरची तीच गत होते. तार ओढण्याआधी कागदावर पत्ते वाटून घ्यावेत. कागदावरची चूक खोडरबराने जाते, नंतर शेकडो यंत्रांचे पत्ते बदलावे लागतात.

आता दोन गोष्टी, ज्या जाहिरातीत दिसत नाहीत. पहिली : राखीव वाटेवरची माहिती आपोआप सांकेतिक होत नाही. वाट वेगळी असते, पण पेटीला कुलूप आपल्यालाच लावावे लागते. त्यासाठी आयपीसेक किंवा मॅकसेक वेगळे बसवतात. दुसरी : एक वाट कधीच पुरत नाही. मी काम पाहत होतो अशा एका ऑफिसने दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून दोन वाटा घेतल्या होत्या. रस्ता रुंद करताना जेसीबीने एक खड्डा खणला आणि दोन्ही एकदम तुटल्या. दोघांच्याही तारा एकाच पुलाखालून, एकाच चरातून गेलेल्या! पाच तास काम बंद होते. आम्ही बिले दोन भरत होतो, पण नकाशा मागायचे कुणाला सुचले नव्हते. तेव्हापासून मी दर वेळी आधी नकाशा मागतो.

विश्वस्त मंडळींना विचारावेसे वाटेल की आपल्या शाळेला अशी वाट हवी का. माझे स्पष्ट मत, नको. फी आणि निकालाच्या नोंदींना साधे ब्रॉडबँड व त्यावर सांकेतिक जोडणी भरपूर झाली. राखीव वाटेचे भाडे दरमहा लागते, मग ती वापरा की नका वापरू. तेच पैसे संगणक कक्षाच्या बॅटरीवर खर्च केले तर वीज गेल्यावर तास बुडणार नाही.

तुमच्यासाठी गणित. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई तार ८०० किलोमीटर धरली तर जाऊन येऊन किती वेळ लागेल? उत्तर काढा. मग सरांना विचारून शाळेच्या संगणकावर ट्रेसर्ट ही आज्ञा द्या. मधल्या प्रत्येक राऊटरची ओळ आणि लागलेला वेळ पडद्यावर दिसेल. तुमच्या उत्तरापेक्षा तो बराच जास्त असेल. तो कुठे कुठे गेला, ते ओळी मोजून वहीत लिहा.