व्यसनाचे मूळ आणि मनाचे आरोग्य : मदात्ययाच्या संदर्भात

घरच्या माणसाच्या नकळत दारू सोडवील असे एखादे चूर्ण द्यावे, ही मागणी प्रत्येक वैद्याच्या व औषधविक्रेत्याच्या परिचयाची आहे. तिच्यामागील वेदना खरी असते. परंतु व्यसन हा केवळ शरीराचा दोष असून तो एखाद्या द्रव्याने काढून टाकता येतो, हे तिच्यातील गृहीत शास्त्राला धरून नाही. प्रस्तुत लेखात मद्याचे उदाहरण घेऊन व्यसनाचे हेतू, त्याचा मनोव्याधींशी असलेला संबंध आणि त्यावरून ठरणारा चिकित्साविवेक यांचा आपण विचार करू.

व्याप्ती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून आहेत. सेवन करणारे सर्वच जण व्यसनी होत नाहीत, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. म्हणून द्रव्य हे व्यसनाचे आवश्यक कारण असले, तरी ते एकमेव कारण नव्हे.

हेतुविचार

आचार्य चरकांनी धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या कर्मास प्रज्ञापराध म्हटले आहे. व्यसनात हे तिन्ही भ्रंश दिसतात. अहित ते हित वाटणे हा धीभ्रंश, अहित कळत असूनही मन न आवरणे हा धृतिभ्रंश आणि मागील दुष्परिणामांचा विसर पडणे हा स्मृतिभ्रंश होय. रुग्ण सकाळी शपथ घेतो व सायंकाळी ती मोडतो, तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. त्याची धृती दुर्बल झालेली असते.

चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात वातज मदात्ययाच्या हेतूंमध्ये शोक, भय, अतिश्रम इत्यादींनी कृश झालेल्या व्यक्तीचा उल्लेख येतो. मद्याआधीचे दुःख येथे निदानाचाच भाग झाले आहे. मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्णादी दहा गुण ओजाच्या गुरू, शीत, मृदू आदी दहा गुणांच्या विरुद्ध असल्याने मद्य हृदयात शिरून ओजास व त्यासह मनास क्षुब्ध करते, अशी संप्राप्तीही तेथे वर्णिली आहे. अर्वाचीन शास्त्रानुसार मादक द्रव्याने मेंदूतील डोपामिनचे कार्य बदलते, सुखाची जाणीव बोथट होते आणि तल्लफ बळावते. आनुवंशिकतेचा वाटाही सुमारे निम्मा मानला जातो.

मनोव्याधींशी संबंध

हा संबंध दुहेरी आहे. विषाद, चिंता अथवा अनिद्रा यांवर उतारा म्हणून काहीजण मद्याकडे वळतात. तर काहींमध्ये मद्यपानामुळेच हे विकार उत्पन्न होतात. कोणते आधी, हे ठरविण्यासाठी इतिवृत्त कालानुक्रमे घ्यावे : झोप केव्हा बिघडली, पहिले मद्यपान केव्हा झाले, पूर्वी दीर्घकाळ मद्य बंद असताना मन कसे होते. मद्यजन्य विषाद मद्य थांबल्यावर अनेकदा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्यापुढे टिकल्यास स्वतंत्र मनोव्याधीचा विचार करावा. आत्महत्येच्या विचारांविषयी मात्र पहिल्याच भेटीत स्पष्टपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात पेरला जात नाही.

चिकित्सेतील विवेक

सवयीचे अपथ्यही एकाएकी सोडल्यास विकार होतात, असे वाग्भटाचार्य सांगतात. मद्याच्या बाबतीत हे विकार प्राणघातक ठरू शकतात. नित्य अतिमद्यपान करणाऱ्याने मद्य थांबविल्यावर ६ ते २४ तासांत कंप, स्वेद व अनिद्रा, ४८ तासांच्या आत आक्षेप आणि ४८ ते ९६ तासांत भास व संभ्रम होण्याचा धोका असतो. ज्यास पूर्वी आक्षेप आले आहेत, त्यास घरी ठेवून मद्य सोडविण्याचा प्रयत्न करू नये. त्वरित रुग्णालयात पाठवावे. हे पाठविणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.

त्यानंतरच्या काळात आपले कार्य मोठे आहे : अग्निदीपन, यकृताचे रक्षण, निद्रा, दिनचर्या आणि मुख्यतः सत्त्वावजय. येथे दोन गोष्टींकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट यांसारख्या मनोविकारांत योजल्या जाणाऱ्या कल्पांत स्वयंजनित मद्य असते. मद्यमुक्त रुग्णास ते दिल्यास तल्लफ पुन्हा जागी होऊ शकते. अशा रुग्णासाठी चूर्ण, वटी अथवा घृत यांचा विचार करावा. दुसरे असे की, झोपेसाठी सर्पगंधा देण्यापूर्वी विषाद नाही याची खात्री करावी. तिच्यातील रेसर्पिनमुळे विषाद वाढू शकतो.

औषधविक्रेत्यांचे दायित्व

डायसल्फिराम हे अर्वाचीन औषध रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळण्याचा प्रकार घडतो. त्यावर मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, तीव्र वांती, छातीत धडधड व रक्तदाब घसरणे हे परिणाम होतात. क्वचित मृत्यूही ओढवतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच दिले जावे. ते घेणाऱ्यास आसवारिष्टेही वर्ज्य आहेत, हे ग्राहकास आवर्जून सांगावे. त्याचप्रमाणे अहिफेन वा भांगयुक्त कल्पांची वारंवार मागणी करणारा ग्राहक हा कदाचित रुग्णच असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई(१) या अनुसूचीत ही द्रव्ये विषवर्गात समाविष्ट असून, अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. ती केवळ वेष्टनावर राहू नये, विक्रीच्या वेळी पाळलीही जावी.

उपसंहार

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था १९८६ पासून कार्यरत आहेत. टेलिमानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही २०२२ पासून उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात ठळकपणे लावावा. व्यसन पुन्हा जडले तरी रुग्णास दोष देऊन परत पाठवू नये. ज्याची धृती ढळली आहे, त्यास आधार हवा असतो. आणि तो आधार त्याच्या नकळत नव्हे, तर त्याला सोबत घेऊनच देता येतो.