काला अंबच्या शिवारातून : पेंढा न जाळता गव्हाची पेरणी

काला अंब हे ठिकाण मराठी वाचकांस १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या लढाईमुळे परिचित आहे. या स्मारकाभोवतीचा पानिपत जिल्हा आज भात-गहू पीकपद्धतीचा प्रदेश असून, भाताचा पेंढा न जाळणे हा तेथील शेतकऱ्यांच्या कर्ब उत्सर्जन घटविण्याच्या प्रयत्नांचा महत्त्वाचा भाग आहे.

पेंढा का जाळला जातो?

भूजल रक्षणासाठी हरियाणात २००९ च्या कायद्यान्वये १५ जूनपूर्वी भात लावणीस मनाई आहे. त्यामुळे कापणी लांबते आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. कंबाइन हार्वेस्टर मागे उभी धसकटे व विखुरलेला पेंढा सोडतो. अशा वेळी आग लावणे हाच सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. म्हणजेच प्रश्न मुख्यतः वेळेचा व खर्चाचा आहे.

जाळल्याने काय गमावते?

एक टन पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद व २५ किलो पालाश असते. जाळल्यास बहुतांश कर्ब व नत्र हवेत जाते. मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळीही बाहेर पडते.

दोन पर्याय

१. शेतातच वापर : कंबाइनला ‘सुपर एसएमएस’ जोडून पेंढा बारीक करून पसरवावा व हॅपी सीडरने नांगरणीविना गहू पेरावा. आच्छादनामुळे ओलावा टिकतो, डिझेल वाचते.

२. विक्री : बेलरने गठ्ठे बांधून पेंढा उद्योगास द्यावा. पानिपत येथील इंडियन ऑइलचा इथेनॉल प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रार्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे नियोजन आहे.

२०१८-१९ पासूनच्या केंद्रीय योजनेत अशा यंत्रांसाठी वैयक्तिक शेतकऱ्यांना ५० टक्के, तर भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना ८० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. हरियाणात उपग्रहाने टिपलेल्या पेंढा जाळण्याच्या घटना २०२१ च्या हंगामात ६,९८७ होत्या. २०२४ मध्ये त्या १,४०६ वर आल्या.

दक्षता

गठ्ठ्यांबरोबर पालाशही शेताबाहेर जाते. दरवर्षी पेंढा विकणाऱ्यांनी माती परीक्षणानुसार त्याची भरपाई करावी. बेलर वेळेवर न आल्यास शेतकरी पुन्हा आगीकडे वळतो, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रासाठी बोध

उसाच्या पाचटास हाच विचार लागू पडतो. तोडणीनंतर पाचट सरीत दाबून प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरावे. विस्तार कार्यकर्त्यांनी ‘जाळू नका’ हा संदेश देण्यापूर्वी गावात यंत्र कोणाकडे आहे, ते कोणत्या दिवशी कोणाच्या शेतात जाणार आणि भाडे किती, याचे वेळापत्रक हंगामापूर्वीच निश्चित करावे. पर्याय वेळेत हाती आला, तरच शेतातील आग थांबते.