एकवीस फुटांची अट

स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याच्या जागा, शौचालय आणि पाण्याच्या टाक्या एकाच वाहनात बसवलेले चालते घर म्हणजे आरव्ही. अमेरिकेत ते भाड्याने मिळते, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना तिथली राष्ट्रीय उद्याने दाखवू इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांना ते फार सोयीचे वाटते, कारण वाटेत घरचे जेवण रांधता येते, वृद्धांना शौचालय शोधत फिरावे लागत नाही आणि मुलांना पाय पसरायला जागा मिळते. ही सोय खरी आहे. परंतु असा प्रवास आखताना बहुतेक जण आधी स्थळे, मग मुक्काम आणि सर्वांत शेवटी गाडी असा क्रम लावतात. प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाला मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात जो मनस्ताप झाला त्याचे मूळ याच क्रमात होते. त्याला गाडी देणाऱ्या कंपनीच्या मौनाची जोड मिळाली, आणि ते मौन क्षम्य मानता येत नाही.

१९१० मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाच्या पश्चिम व पूर्व बाजू ज्या रस्त्याने जोडल्या आहेत त्याला ‘गोइंग-टू-द-सन रोड’ म्हणतात. सुमारे ५० मैलांचा हा रस्ता ६,६४६ फूट उंचीवरील लोगन पास या खिंडीतून जातो, आणि कड्याच्या कडेने कोरलेला त्याचा मधला भाग इतका अरुंद आहे की ॲव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनास बंदी आहे. ही लांबी पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत मोजतात आणि रुंदीत आरसेही धरतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सिएटल परिसरातून निघालेल्या या कुटुंबाची गाडी २५ फुटांची होती आणि मुक्काम राखला होता पूर्वेकडील सेंट मेरी येथे.

पाचशेहून अधिक मैलांचा प्रवास करून, मॅकडोनाल्ड सरोवराच्या काठाने गाडी संध्याकाळी ॲव्हलांचपाशी पोहोचली, तेव्हा उद्यानाच्या रक्षकाने हात करून ती थांबवली आणि लांबी विचारली. उत्तर ऐकल्यावर त्याने शांतपणे परतीची दिशा दाखवली. त्या क्षणी गाडीत कोणी काही बोलले नाही. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी मात्र, रस्ता तर समोर दिसतो आहे, मग अडवले का, असे विचारले, आणि त्या साध्या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर कोणाकडेच नव्हते. मागे फिरून, दक्षिणेकडून मरायस पास व ब्राउनिंगमार्गे जाणारा सुमारे १०० मैलांचा वळसा अंधारात घ्यावा लागला, आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत मुले उपाशीच झोपली होती.

कुटुंबाने नियम आधी वाचायला हवा होता, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निम्मा मान्य आहे. मात्र गाडी ताब्यात घेताना काउंटरवरील माणसाने कुठे जाणार असे स्वतःहून विचारले होते, ग्लेशियरचे नाव ऐकून निवडीची तोंडभर स्तुती केली होती, जादा विमा व खुर्च्यांचा संच विकण्यासाठी पाव तास खर्च केला होता, आणि तरीही लांबीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नंतर पाठवलेल्या तक्रारीवर, मार्गाची जबाबदारी ग्राहकाची, एवढेच एका ओळीचे उत्तर आले. कराराच्या भाषेत ते बरोबर असेलही. ज्या व्यवसायात ग्राहक बहुधा पहिल्यांदाच एवढे मोठे वाहन हाती घेतो, तिथे ते पुरेसे नाही. म्हणून गाडीची प्रत्यक्ष लांबी, रुंदी आणि उंची कंपनीकडून लेखी घ्यावी, आणि उद्यानाच्या रस्त्यांचे नियम त्या आकड्यांशी ताडून पाहिल्यावरच मुक्काम राखावा.

दुसरा धडा पाण्याचा आहे आणि तो मराठी घरांना विशेष लागू पडतो. आरव्हीत स्वच्छ पाण्याची, ओटा व न्हाणीतील सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैल्याची अशा तीन वेगळ्या टाक्या असतात. ग्लेशियरच्या तळांवर हूकअप, म्हणजे वीज, पाणी व मलनिस्सारण यांची थेट जोडणी, मिळत नाही, त्यामुळे सर्व काही टाक्यांवर चालवावे लागते. स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे ४० गॅलन, म्हणजे १५० लिटर धरली, तर वाहत्या नळाखाली भांडी घासणाऱ्या सहा माणसांच्या कुटुंबाला ती दीड दिवसही पुरत नाही, आणि पाणी संपण्याआधी सांडपाण्याची टाकी भरून न्हाणीच्या तळाशी पाणी उलटू लागते. भांडी आधी कागदाने पुसून मग टबात विसळावीत. मैल्याच्या टाकीत मात्र काटकसर करू नये, कारण पाणी कमी पडले की मैला तळाशी घट्ट बसतो. टाक्या रिकाम्या करण्याच्या जागेला डंप स्टेशन म्हणतात. तिथे आधी मैल्याची टाकी सोडावी व नंतर सांडपाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. छतावरील वातानुकूलन यंत्र बॅटरीवर चालत नाही, त्याला जनरेटर लागतो, आणि जनरेटर लावण्याचे तास तळावर ठरलेले असतात. फोडणी देताना पंखा लावून खिडकी उघडावी, अन्यथा धुराचा भोंगा सगळ्या तळाला जागे करतो. अस्वलांच्या प्रदेशात अन्न बाहेर ठेवू नये, औषधे हाताशी ठेवावीत, हे वेगळे सांगायला नको.

चालकाच्या डोक्यावरील पलंग कागदावर दोन माणसांचा असतो, पण गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला त्यावर जाण्याची शिडी चढता येत नाही. झोपण्याच्या जागा मोजताना वृद्धांना चढता येतील तेवढ्याच मोजाव्यात.

गाडी परत करताना छपरावरील एका ओरखड्याचे पैसे अनामत रकमेतून कापण्यात आले. तो जुना होता, असे या कुटुंबाचे आजही ठाम म्हणणे आहे. मात्र घेतेवेळी चारही बाजूंची छायाचित्रे काढली होती, छपराचे नव्हते, आणि छपराची व गाडीच्या पोटाची हानी विम्याबाहेर ठेवणारे कलम अशा करारांत सर्रास आढळते. मागची शिडी चढून छपराचे छायाचित्र काढायला दोन मिनिटे पुरतात.

बंदी असलेल्या टप्प्यावरून १९३०च्या दशकातील लाल बसगाड्या आजही प्रवासी नेतात; आरव्ही तळावर ठेवून त्यांतून लोगन पास पाहता येतो, पण आसने आधी राखावी लागतात. सेंट मेरी येथे पोहोचल्यावर दुसऱ्या दिवसासाठी सहा आसने मागितली तेव्हा एकही शिल्लक नव्हते. सासूबाई व सासरे ऑगस्टमध्ये साताऱ्याला परतले, ते खिंड न पाहताच.