सेनोते म्हणजे काय रे भाऊ?

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त मेक्सिकोत असतो. मध्यंतरी तो एका दिवसाच्या सहलीला गेला होता. सकाळी माया लोकांच्या मंदिरांचे अवशेष, दुपारी गावात जेवण, संध्याकाळी ‘सेनोते’ नावाच्या निळ्या डोहात पोहणं, आणि सगळीकडे सोबत माहिती सांगणारा वाटाड्या. फोटो पाहून घरातली म्हणाली, “एवढ्या लांब कशाला? आपल्याकडं नाही का असलं काही?” मला उत्तर देता आलं नाही. दिवाळीत तो येतोय. त्याला अवसरीहून एका दिवसात असं काही दाखवता येईल का? आणि असे डोह आपल्याकडे का नसतात?
*एक निवृत्त शिक्षक, अवसरी खुर्द, ता. आंबेगाव*

उत्तर : गुरुजी, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याच्या उत्तरातूनच सहल निघते.

मेक्सिकोचा युकातान हा भाग म्हणजे चुनखडीचं सपाट पठार. त्याच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळपास नाहीच. पाऊस पडतो तो थेट खडकात मुरतो. पावसाच्या पाण्यात किंचित आम्लता असते आणि चुनखडी त्यात विरघळते. हजारो वर्षांत जमिनीखाली पोकळ्या होतात, त्या पाण्याने भरतात, आणि एखाद्या दिवशी वरचं छत कोसळतं. उरतो तो गोल, खोल, स्वच्छ पाण्याचा डोह. माया भाषेतल्या ‘त्झोनोत’ या शब्दाचं स्पॅनिश लोकांनी ‘सेनोते’ केलं. नदीच नाही म्हटल्यावर वस्ती या डोहांच्या आधारानेच होणार. तुमच्या पुतण्याने पाहिलं असेल त्या चिचेन इत्साच्या नावाचा अर्थच ‘इत्सांच्या विहिरीचं तोंड’ असा होतो.

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, म्हणजे काळा कातळ. तो चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. तो झिजतो, फुटतो, पण त्याची छतं कोसळून डोह होत नाहीत. म्हणून आपल्याकडे सेनोते नाहीत.

पण या दोन खडकांची एक गंमत आहे, आणि मला स्वतःला ती मंदिरांपेक्षा मोठी वाटते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी युकातानच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला. त्याने पाडलेलं चिकशुलूबचं विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे. आज ते गाळाच्या थरांखाली गाडलं गेलंय, जमिनीवरून दिसत नाही. पण त्या भागातले कितीतरी सेनोते नकाशावर मांडले तर एक अर्धवर्तुळ उमटतं, आणि ते असतं त्या विवराच्या कडेवर. आता आपल्याकडचं पाहा. त्याच सुमाराला इथे जमीन भेगाळून लाव्हा वाहत होता, थरावर थर चढत होते. त्यातूनच आपला सह्याद्री झाला. डायनासोर कशाने संपले, अशनीने की लाव्हाने, आणि दोन्ही असेल तर कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. म्हणजे पुतण्या तिकडे पोहला तो एका आरोपीच्या अंगणात आणि इकडे येऊन तुमच्या ओट्यावर बसेल तो दुसऱ्याच्या.

आता सहल. जिथे खडक स्वतःहून पाणी देत नाही तिथे माणसाने काय केलं, हे दाखवणारा रस्ता तुमच्या गावापासूनच निघतो. सुरुवात मंचरच्या बारवेपासून करा. तुम्ही तिच्याजवळून शेकडो वेळा गेला असाल. कधी थांबून तिच्यावरचा शिलालेख पाहिलाय का? रागावू नका, मीही कितीतरी वर्षं पाहिला नव्हता.

तिथून नारायणगावमार्गे जुन्नर आणि थेट पश्चिमेला. चावंडच्या पुढे पूर गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे आणि कुकडी नदी तिथेच उगम पावते. कोरीवकाम सुंदर आहे, पण फार रेंगाळू नका. सकाळची वेळ नाणेघाटासाठी राखा. जुन्नरपासून तो तीसेक किलोमीटर आहे.

नाणेघाट ही सातवाहनांच्या काळची वाट. घाटाखालून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडचा माल या खिंडीने वर जुन्नरला यायचा. तोंडाशीच मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सगळे सांगतात. ते खरं असो नसो, मुलांना तेवढंच लक्षात राहतं. खरा ऐवज गुहेत आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख दोन भिंतींवर कोरलेला आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गायी, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण दिले, असा सगळा हिशोब. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, डोक्यावर कोरलेली नावं तेवढी राहिली.

इथे पुतण्याला एक काम द्या. लेखातले आकडे शोधायला लावा. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी ती आहेत. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही. मायांकडे शून्य होतं, शिंपल्यासारखं दिसणारं, आणि ठिपके आणि आडव्या रेघांनी ते वीसच्या पटीत मोजायचे. चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडला चारही बाजूंनी ९१ पायऱ्या आणि वर एक, अशा ३६५ होतात, हे त्याला वाटाड्याने सांगितलंच असेल. आपल्या शून्याची गोष्ट नाणेघाटाच्या नंतरची आहे. तेव्हा त्याच्यासमोर ‘शून्य आमचंच’ म्हणून मिशीला पीळ देऊ नका. दोघांनाही ते स्वतंत्रपणे सुचलं.

वाटाड्या म्हणाल तर घाटघरचा घ्या. खिंडीजवळचं गाव तेच. २०१८ साली जुन्नरला राज्याने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं तेव्हापासून गाड्या वाढल्या, पण बरेचजण पावसाळ्यातला उलटा धबधबा पाहून, फोटो काढून परततात. या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी माणसाबरोबर तासभर चाललात तर हिरडा कधी गोळा करतात, कोणत्या टाक्याचं पाणी उन्हाळाभर टिकतं, हे कळेल. तिकडेही तसंच आहे. माया म्हणजे लुप्त झालेले लोक असं आपण पुस्तकांत वाचतो, पण युकातानात माया भाषा बोलणारे आजही साडेसात लाखांहून जास्त आहेत. त्या सहलीत पुतण्याला जेवू घालणारी बाई बहुतेक त्यांच्यातलीच असणार. तिने मका चुन्याच्या पाण्यात उकळून, वाटून त्याच्या पोळ्या थापल्या असतील. तुम्ही त्याला मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी खाऊ घाला. आंबेगाव-जुन्नरात येऊन मासवडी न खाता गेलेल्या माणसाने सहल केली असं मी मानत नाही.

दुपारी जुन्नरला परत या आणि मानमोडीच्या डोंगरावर चढा. लेण्याद्री तुम्ही गणपतीसाठी अनेकदा चढला असाल, ती या दिवशी सोडा. शिवनेरीही सोडा. २०२५ साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली, तिला वेगळा दिवस द्यायला हवा. मानमोडीवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर लावू नका आणि धूर करू नका.

मानमोडी का, ते सांगतो. तिथल्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी मंडप आणि ‘पोढी’ दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे बहुधा ग्रीक माणसाने, दोन पोढ्या दिल्याचं कोरलंय. आणखी एका यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. विचार करा, दोनेक हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेला, किंवा तशा घराण्यातला, एक माणूस जुन्नरात राहतो, पैसा कमावतो आणि दान काय करतो? पाणी. त्याला इथल्या खडकाचा स्वभाव कळला होता. ही परंपरा पुढे किल्ल्यांवर गेली. चावंडवर सप्तमातृकांच्या नावाची सात टाकी एका रांगेत आहेत, शिवनेरीवर गंगा-जमुना आहेत.

गुरुजी, आपले सेनोते म्हणजे ही टाकी. तिकडे कातळ कोसळून पाणी उघडं पडलं, इकडे माणसाने छिन्नीने उघडं केलं आणि शेजारी आपलं नाव कोरलं. म्हणूनच त्यांत पोहायचं नाही. ते पिण्याचं पाणी आहे, कोणीतरी पुण्य म्हणून दिलेलं. मायांनीही पाण्यापाण्यातला भेद पाळला होता. चिचेन इत्साचा मोठा पवित्र डोह पर्जन्यदेवतेला अर्पण करण्यासाठी होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा तळ उपसला तेव्हा सोनं, जेड आणि माणसांची हाडंही निघाली. पर्यटक तिथे पोहत नाहीत. ते पोहतात शेजारच्या दुसऱ्या सेनोतेत, तेही आधी अंघोळ करून आणि बहुतेक ठिकाणी जीवरक्षक जाकीट घालून.

प्रश्न : मग पोहायचं कुठे? निघोजच्या रांजणखळग्यांत चालेल का?

उत्तर : नाही.

निघोज जरूर दाखवा, पण दुसऱ्या दिवशी. नाणेघाट आणि निघोज एकाच दिवसात उरकायचे म्हणजे नुसतं गाडीत बसणं होईल. निघोज आणि टाकळी हाजी यांच्यामध्ये हीच कुकडी कातळातून वाहते. भोवऱ्यात सापडलेले गोटे शतकानुशतकं एका जागी गरगरत राहिले आणि त्यांनी बेसाल्टला रांजणासारखे खोल खड्डे पाडले. युकातानातल्या पाण्याने खडक विरघळवला, इथल्या पाण्याने तो घासून काढला. काठावर मळगंगेचं मंदिर आहे. चैत्रातल्या तिच्या यात्रेत बारवेतून घागर वर येते अशी लोकांची श्रद्धा आहे. पाण्यातून देवी काहीतरी परत देते, ही कल्पना पुतण्याला ओळखीची वाटेल.

पण त्या खळग्यांच्या कडा गुळगुळीत आणि निसरड्या आहेत. आत पडलेल्या माणसाला धरायला काही नसतं, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की प्रवाह बघता बघता वाढतो. काठावर उभं राहून बघा, बस.

पोहायला तुमच्या शेतातली किंवा भावकीतली एखादी विहीर आहेच ना? दिवाळीत विहिरी भरलेल्या असतात, आणि थंडीच्या पहाटे विहिरीचं पाणी अंगाला कोमट लागतं, वरून वाफा निघत असतात. मोटार बंद आहे, बटण खाली आहे आणि वायर कुठे सोललेली नाही, एवढं आधी स्वतः पाहा. पुतण्या सेनोतेत जाकीट घालून पोहला असेल, तर पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधायला त्याने लाजायचं कारण नाही. मुटका नंतर, आधी पायऱ्यांनी उतरू द्या.