भांगेच्या तेलाचे औषध : टेक्सासमध्ये पात्र कोण?

आमच्या कापडाच्या धंद्यात टेरीकॉटच्या ताग्यावर सूत किती व पॉलिस्टर किती, हे टक्क्यांत लिहिलेले असते. हाताला दोन कापडे सारखी लागली तरी टक्केवारी बदलली की भाव बदलतो. गांजा-भांगेच्या झाडापासून काढलेल्या औषधी तेलाचेही तसेच आहे. फरक इतकाच की तेथे टक्केवारी बदलली की कायदाच बदलतो. ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत राहतात किंवा दुकान चालवतात, त्यांना ही माहिती असावी म्हणून टेक्सास या कडक राज्याचा कायदा येथे समजून घेऊ.

या झाडात दोन द्रव्ये मुख्य. टीएचसी नशा आणते. सीबीडी नशा आणत नाही. मिरगीच्या काही कठीण प्रकारांत सीबीडीने झटके कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे. कडक राज्यांनी यातून असा मार्ग काढला की टीएचसी थोडे असावे, आजार कायद्याच्या यादीत असावा आणि जबाबदारी डॉक्टरने घ्यावी. तरच औषध मिळेल.

टेक्सासने हा कायदा जून २०१५ मध्ये केला. तेव्हा एकच आजार मंजूर होता : दोन किंवा अधिक योग्य औषधे पूर्ण मात्रेत देऊनही आटोक्यात न येणारी मिरगी. तेलात टीएचसी वजनाने अर्ध्या टक्क्याहून जास्त नको, सीबीडी निदान दहा टक्के हवे, आणि दोन डॉक्टरांची संमती हवी, अशा अटी होत्या. २०१९ मध्ये दुसऱ्या डॉक्टरची व दहा टक्के सीबीडीची अट निघाली. सर्व प्रकारची मिरगी, ऑटिझम, मल्टिपल स्क्लेरोसिस व अखेरच्या टप्प्यातील कॅन्सर यादीत आले. २०२१ मध्ये सर्व कॅन्सर आले व टीएचसीची मर्यादा एक टक्का झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनाट वेदना, मेंदूला झालेली इजा व आतड्याचा क्रोन आजार यांचाही समावेश झाला. टक्क्यांचा हिशोब जाऊन एका मात्रेत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी, असा नवा हिशोब आला.

पात्र ठरण्याच्या पायऱ्या अशा :

(१) रुग्ण टेक्सास राज्याचा कायम रहिवासी असावा. मुलाकडे पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना ही सवलत नाही. वयाची अट नाही. लहान मुलासाठी आईबाप कायदेशीर पालक म्हणून पुढे होतात.

(२) आजार यादीतील असावा व तो कागदोपत्री दिसावा. जुने रिपोर्ट, आतापर्यंत दिलेल्या औषधांची नावे व मात्रा यांची फाईल तयार ठेवावी.

(३) डॉक्टर राज्याचा परवानाधारक व या योजनेत नाव नोंदवलेला असावा. धोक्याच्या मानाने फायदा रास्त आहे, हे त्याने ठरवायचे असते.

(४) डॉक्टर रुग्णाचे नाव व मात्रा सरकारी संगणकीय नोंदवहीत लिहितो. ही नोंदवही राज्याचे सार्वजनिक सुरक्षा खाते चालवते. रुग्णाला कार्ड मिळत नाही. ती नोंद हाच परवाना. म्हणून “टेक्सासचे कार्ड काढून देतो” असे सांगून कोणी पैसे मागितले तर तेथेच थांबावे.

(५) औषध फक्त परवानाधारक केंद्रातून, ओळख पटवून घ्यावे. ओढण्याचा गांजा यात बसत नाही.

आता एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत किराणा दुकानांत व पेट्रोल पंपांवरही “सीबीडी तेल” लिहिलेल्या बाटल्या विकल्या गेल्या आहेत. त्या या योजनेतील औषध नव्हेत. २०१८ च्या केंद्रीय शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला हेम्प म्हणून मोकळीक दिली, त्यातून हा बाजार वाढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ही व्याख्या बरीच कडक केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ऑनलाइन विकले जाणारे ८४ नमुने तपासले, तेव्हा फक्त २६ नमुन्यांत लेबलाप्रमाणे सीबीडी निघाले, आणि १८ नमुन्यांत टीएचसीही सापडले. कापड लेबलापेक्षा वेगळे निघाले तर गिऱ्हाईक ते परत आणून टाकते. मिरगीच्या मुलाच्या पोटात गेलेले तेल परत घेता येत नाही.

तिसरा रस्ताही आहे. एपिडायोलेक्स हे शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मिरगीच्या दोन दुर्मिळ व कठीण प्रकारांसाठी मंजूर केले. २०२० मध्ये आणखी एका आजाराची भर पडली. त्याला राज्याची नोंदवही लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागते. तेव्हा डॉक्टरला आधी हेच विचारावे. मात्र सीबीडी क्लोबाझाम या औषधाचा परिणाम वाढवते, व व्हॅल्प्रोएटसोबत घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो. चालू औषधे लपवू नयेत, मनाने बंदही करू नयेत.

व्यापाऱ्याने जॉर्जिया राज्याचा धडा लक्षात ठेवावा. तेथे एप्रिल २०१५ च्या कायद्याने नोंदणीकृत रुग्णाला २० औंसांपर्यंत तेल जवळ ठेवता येऊ लागले. पण राज्यात ते पिकवण्याची व विकण्याची सोय कायद्यात नव्हती. ती सोय २०१९ च्या कायद्याने केली, आणि पहिली दुकाने उघडली एप्रिल २०२३ मध्ये. आठ वर्षे लोकांच्या हाती परवाना होता, पण तेल घ्यायला राज्यात दुकान नव्हते. जवळ बाळगणे, विकणे आणि सीमेपार नेणे या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. एक मिळाली म्हणून बाकीच्या मिळत नाहीत.

हेच आपल्या देशालाही लागू आहे. टेक्सासची नोंद भारतात परवाना ठरत नाही. येथे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, आणि गांजा, चरस यांच्यासोबत त्यांचे मिश्रणही त्यात येते. सबब कोणी प्रेमाने “मामूंच्या सांधेदुखीसाठी” बाटली बॅगेत घालून देत असेल, तर नम्रपणे नको म्हणावे. आणि ज्यांच्या भावाचे वा मुलाचे तेथे दुकान आहे, त्यांनी त्याला एवढे विचारावे : बाटलीवर जे लिहिले आहे, त्याचा प्रयोगशाळेचा कागद तुझ्याजवळ आहे का? नसेल, तर तो माल गल्ल्यावर ठेवू नये.