प्राथमिक शाळेतील कविता : रचना आणि अलंकार यांची ओळख

प्राथमिक शाळेत मूल दाखल होते, तेव्हा कविता त्याला अपरिचित नसते. अंगाई, बडबडगीते, खेळातील गाणी आणि घरातील आरत्या यांच्याद्वारे ताल आणि यमक त्याच्या कानावर पडलेले असतात. असे असूनही वरच्या वर्गात गेल्यावर अनेक विद्यार्थ्यांना कवितेचा तास नकोसा वाटू लागतो. कवितेचा गद्य अर्थ फळ्यावर लिहिला जातो, अलंकाराची व्याख्या सांगितली जाते आणि दोन्ही पाठ करून घेतले जातात. परीक्षेत गुण मिळतात. परंतु कवितेशी असलेले मुलाचे पहिले नाते मात्र तुटते. हे नाते राखून रचना आणि अलंकार यांची ओळख कशी करून द्यावी, हा प्राथमिक शिक्षकापुढील खरा प्रश्न आहे.

आधी कान, मग लेखणी

कवितेची रचना ही प्रथम ऐकण्याची गोष्ट आहे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक संख्येने २०५ असून ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याच्या प्रत्येक चरणात १२ अक्षरे येतात आणि लघु, गुरू, गुरू हा क्रम चार वेळा येतो. हे श्लोक म्हणणाऱ्या लहान मुलाला वृत्ताचे नावही ठाऊक नसते. तरी एखादे अक्षर गळले की ते अडखळते. नियम त्याच्या कानाला कळलेला असतो, केवळ त्याला नाव मिळालेले नसते.

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी गाणी रचली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, त्याच्याही घरी कविता असू शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण कोणते? म्हणून आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी वर्गात आणण्यास मुलांना अवश्य सांगावे. आपल्या घरची भाषा शाळेत मानाने स्वीकारली जाते, हा अनुभव कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाचा आहे.

चार ओळींचा पाठ

तिसरी-चौथीच्या वर्गासाठी नमुन्यादाखल पुढील सोपी रचना घेता येईल :

नदी आटली उन्हात । वाळू चमके पात्रात ॥
वड काठाशी वाकला । जणू म्हातारा थकला ॥
ढग पाण्याची घागर । डोंगराच्या डोक्यावर ॥
नदी पुसते ढगाला । केव्हा येशील गावाला ॥

शिक्षकाने ही रचना प्रथम दोनदा संथपणे म्हणून दाखवावी. नंतर मुलांनी टाळीच्या तालावर ती म्हणावी. मग एकेका चरणातील अक्षरे बोटांवर मोजण्यास सांगावे. येथे जोडाक्षराविषयी मुलांचा घोटाळा होतो. ‘उन्हात’ या शब्दातील ‘न्हा’ हे एकच अक्षर आहे, हे समजावून दिले की प्रत्येक चरणात आठ अक्षरे भरतात. ओळीच्या दोन्ही चरणांच्या शेवटी यमक आहे, हेही मुलांच्या लक्षात येते. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक, ही लहान अभंगाची सर्वसाधारण घडण होय. हे नाव मोजणी झाल्यानंतरच सांगावे.

यानंतर मुलांना ओळीत बदल करू द्यावा. एखाद्याच्या घरी ‘घागर’ म्हणत नसतील, ‘हंडा’ म्हणत असतील. ‘ढग पाण्याचा हंडा’ असे म्हणताच एक अक्षर कमी पडते. ‘ढग पाण्याचा तो हंडा’ असे केल्यास आठ अक्षरे भरतात. पण यमक हरवते. हंड्याशी जुळणारा शब्द शोधताना मुलांना पुढचा चरणही बदलावा लागेल. या खटपटीत कवीचे काम काय असते, हे त्यांना सांगण्यावाचून कळते.

रचना म्हणजे केवळ अक्षरांची मोजदाद नव्हे. ओळींचा क्रमही रचनेचाच भाग आहे. या ओळींत दृष्टी कोरड्या पात्रावरून काठावरच्या वडाकडे, तेथून डोंगराकडे आणि शेवटी पुन्हा गावाकडे वळते. नदीचा प्रश्न सर्वांत आधी आणला तर काय होईल, असे विचारावे. आधी उन्हाची तलखी जाणवली, म्हणूनच शेवटचा प्रश्न मनाला भिडतो, हे मुले आपल्या शब्दांत सांगू शकतात.

अलंकार : बोलण्यातून कवितेकडे

अलंकार म्हणजे भाषेवर वरून चढवलेले दागिने, अशी समजूत करून दिल्यास मुले ते ‘ओळखण्या’पुरतेच शिकतात. वस्तुतः ती रोजच अलंकारिक बोलत असतात. नारळाला शेंडी, बाटलीला तोंड आणि टेबलाला पाय असतात. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. कावळे खरोखर पोटात असतात काय, असे विचारताच वर्ग हसतो. ‘मग आपण तसे का म्हणतो?’ या पुढच्या प्रश्नातून अलंकाराचा पाठ सुरू होतो.

आता वडाच्या ओळीकडे वळावे. ‘वड म्हाताऱ्यासारखा’ असे म्हटले, तर दोन वस्तूंतील सारखेपणा दाखवला जातो, ही उपमा. ‘जणू म्हातारा थकला’ म्हटले, की वड हा जणू म्हाताराच आहे अशी कल्पना होते, ही उत्प्रेक्षा. ‘ढग पाण्याची घागर’ या चरणात ‘सारखा’ नाही आणि ‘जणू’ही नाही. ढग आणि घागर येथे एकच झाले आहेत, हे रूपक. नदी प्रश्न विचारते, म्हणजे निर्जीव वस्तू माणसाप्रमाणे वागते; ही चेतनगुणोक्ती. तुलना क्रमाक्रमाने कशी दाट होत गेली, हे एकाच रचनेत दाखविल्यास चार नावे वेगवेगळी घोकावी लागत नाहीत.

मात्र ‘सारखा’ दिसला की उपमा, एवढ्यावर थांबू नये. ‘मला भावासारखी वही हवी’ या वाक्यातही ‘सारखी’ आहे. पण तेथे केवळ दोन वह्यांचा सारखेपणा आहे, कल्पनेची झेप नाही. शब्द हा खुणेपुरता असतो. अलंकार कल्पनेत असतो. म्हणून ‘कोणता अलंकार?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘दोन वस्तूंत काय सारखे दिसले?’ हा प्रश्न हवाच.

मुलाचे उत्तर चूक कधी?

डोंगराच्या डोक्यावर घागर आहे, तर डोंगर येथे कोण झाला आहे? कवितेत हे सांगितलेले नाही. दुरून पाणी आणावे लागते अशा गावातील मुलगी ‘पाणी आणणारी आई’ असे उत्तर देईल. शहरातील मुलाने पाणी केवळ नळाचे किंवा टँकरचे पाहिले असेल, तर त्याला हे चित्र दिसणार नाही. तो मंद आहे असे नव्हे. त्याच्या अनुभवात ती वस्तू नाही. अशा वेळी वर्गात घागर आणावी, निदान तिचे चित्र दाखवावे. दुसरा एखादा विद्यार्थी डोंगराला ‘हमाल’ म्हणेल. ओझे डोक्यावर वाहणे हा आधार त्याने दाखविला, तर तेही उत्तर स्वीकारावे. ‘डोंगर म्हणजे राक्षस’ असे कोणी म्हटले, तर ‘कोणत्या शब्दावरून?’ असे शांतपणे विचारावे आणि त्याला पुन्हा ओळीकडे न्यावे. मार्गदर्शकातील एकच उत्तर खरे मानले, तर मुले विचार करणे सोडून उत्तराची वाट पाहू लागतात. सर्व उत्तरे सारखीच मानली, तर नीट वाचण्याची सवय लागत नाही. कवितेतील शब्दाचा आधार हीच योग्य कसोटी होय.

पाठाच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील किंवा गल्लीतील एखाद्या वस्तूवर आठ-आठ अक्षरांचे दोन चरण रचावेत. ते उत्तम साधतीलच असे नाही. पण एक शब्द बदलताना बोटांवर अक्षरे मोजणारे आणि विहिरीला, एसटीला किंवा चुलीला काय म्हणावे याचा विचार करणारे मूल पुढे कवितेला भिणार नाही. व्याख्या ते यथावकाश शिकेल. कवितेची गोडी मात्र याच वयात लागावी लागते.